ग्रंथपालाचे वेतन, वाचकाचा हक्क

(सिन्नर येथे ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिन्नर हे यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे गाव. गोंदेश्वराचे मंदिर पाहावयास दूरदूरचे लोक येतात आणि त्या शिल्पवैभवाची वाखाणणी करून परत जातात. परंतु विसाव्या शतकात या गावातील कष्टकऱ्यांचे संसार चालले ते बिडीवर. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून हजार बिड्यांमागे मजुरी घेणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवर येथील कितीतरी घरे उभी राहिली. पुढे माळेगाव आणि मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती आल्या, आणि त्यांच्याबरोबर पाळ्यांमध्ये काम करणारा कंत्राटी कामगार आला. ग्रंथालयाच्या व्यवस्थापनाचा विचार या गावी करावयाचा असेल, तर त्याचा आरंभ एका साध्या प्रश्नापासून केला पाहिजे. बिडी वळणाऱ्या बाईच्या हाती आणि रात्रपाळी करून आलेल्या कामगाराच्या हाती पुस्तक पोहोचते काय? पोहोचत नसेल, तर उणीव नेमकी कोठे आहे?

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे: लोकांना वाचनाची गोडी नाही. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात दोष वाचकाचा ठरतो आणि व्यवस्था सुटते. पण ते खरे नाही. केरळातील कण्णूर भागात बिडी कामगारांनी ते केव्हाच खोटे पाडले आहे. तेथील बिडीच्या कारखान्यात कामगारांपैकी एकजण वर्तमानपत्र वा पुस्तक मोठ्याने वाचत असे आणि बाकीचे बिड्या वळता वळता ऐकत. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून त्याच्या वाटच्या बिड्या इतरजण वळून देत. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याची अंमलबजावणी टाळण्यासाठी मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा 1969 मध्ये राज्य सरकारच्या पाठबळाने याच कामगारांनी दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी केली. वाचनाची ही प्रथा त्या संस्थेतही चालू राहिली.

या प्रथेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. वाचणे हे काम आहे, आणि ते करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हे त्या निर्धन कामगारांना कोणीही न सांगता कळले होते. महाराष्ट्राच्या ग्रंथालय चळवळीला मात्र अद्याप ते पुरते कळलेले नाही.

ग्रंथपाल काय करतो?

ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा आणि पुस्तकावर तारखेचा शिक्का मारणारा मनुष्य, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संस्थेच्या कार्यकारिणीतील सुशिक्षित मंडळीही या समजुतीपासून मुक्त नसतात. वस्तुतः पुस्तक विकत घेण्यापूर्वीच ग्रंथपालाचे काम सुरू झालेले असते. गावात कोण राहतो, काय करतो, त्याला कशाची गरज आहे, याची जाण असल्याशिवाय पुस्तकांची निवड होऊ शकत नाही. पुस्तक आल्यावर त्याची दाखलनोंद, विषयवार वर्गीकरण आणि तालिका ही कामे येतात. त्यानंतर देवघेव, वर्षाकाठची पडताळणी, फाटक्या पुस्तकांची बांधणी, आणि कालबाह्य झालेली पुस्तके नियमाने काढून टाकण्याचे अप्रिय परंतु अत्यावश्यक काम. या सर्वांहून मोठे काम नोंदवहीत कोठेच दिसत नाही. दारात संकोचून उभ्या राहिलेल्या माणसाला आत बोलावणे, आणि त्याला नीट शब्दांत मांडता न आलेली त्याची गरज ओळखून योग्य ते पुस्तक त्याच्या हाती ठेवणे, हे ते काम होय.

डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. पुस्तक वापरासाठी आहे, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. ही सूत्रे अनेक वाचनालयांच्या भिंतीवर चौकटीत लावलेली असतात. ती सिन्नरच्या परिस्थितीला लावून पाहिली, म्हणजे त्यांची धार कळते. बिडीचा माल कारखान्यात पोचता करून घरचा स्वयंपाक उरकणाऱ्या बाईला सायंकाळी पाच ते आठ ही वाचनालयाची वेळ निरुपयोगी आहे. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ याचा तिच्यापुरता अर्थ असा की, पुस्तकांची पेटी तिच्या वस्तीत गेली पाहिजे. कंत्राटी कामगाराला भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज कसा भरावा, किमान वेतनाचा कायदा काय सांगतो, याची माहिती हवी असते. त्याला ती देणे हीदेखील ग्रंथपालाची संदर्भसेवाच आहे.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा हिशेब उपयोगी पडेल. भाकरी एकाने खाल्ली की संपते. पुस्तक एकाने वाचले म्हणून संपत नाही. तीनशे रुपयांचे पुस्तक सहाजणांनी वाचले, तर दर वाचनामागे समाजाला पन्नास रुपये पडले. साठजणांनी वाचले, तर पाच रुपये. पुस्तकाची किंमत तीच, कपाट तेच. सहाचे साठ कोण करतो? ते ग्रंथपाल करतो. म्हणून ग्रंथपालाचे वेतन वाचवून पुस्तके वाढविणे ही काटकसर नव्हे. ती उधळपट्टी आहे, कारण त्यामुळे घेतलेली पुस्तकेही पडून राहतात.

नाशिकचा वारसा

ग्रंथालय चळवळ नाशिक जिल्ह्याला नवी नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे. परंतु या जिल्ह्याशी नाते सांगणारे त्याहूनही मोठे उदाहरण बडोद्याचे आहे. कवळाणे या याच जिल्ह्यातील खेड्यात 1863 मध्ये जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव गायकवाड म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला. त्यांनी राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग प्रश्न उभा राहिला की, शाळा सोडल्यावर हा साक्षर झालेला प्रजाजन वाचणार काय? 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू करविला. गावोगाव मोफत वाचनालये निघाली आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. ग्रंथपालाशिवाय ग्रंथालय नाही, हे त्या संस्थानिकाने ओळखले. लोकशाही सरकारांना ते ओळखणे जड जावे, ही खेदाची गोष्ट आहे.

मुंबई इलाख्यात 1939 मध्ये फैजी समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून तालुका आणि गाव यांच्यापर्यंत पोहोचणारी ग्रंथालयांची साखळी तिने सुचविली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये देशातील पहिला ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा 1967 चा. तो 1 मे 1968 पासून अंमलात आला. ग्रंथालय संचालनालय उभे राहिले, आणि अ, ब, क, ड असे वर्ग पाडून लोकांच्या संस्थांना अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आज राज्यात अकरा हजारांच्या आसपास अनुदानित वाचनालये आहेत. ती लोकांनी स्थापन केली, लोकांनी चालविली. हे आपल्या समाजाचे बळ आहे.

अनुदानाचे गणित

परंतु या बळामागे कोणाची पिळवणूक दडली आहे, तेही पाहिले पाहिजे. 2022 मध्ये राज्य सरकारने अनुदानात 60 टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार रुपये झाले. त्यातील निम्मी रक्कम वेतनावर खर्च केली, तर महिन्याला दोन हजार रुपये पडतात. उरलेल्या दोन हजारांत पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे आणि झाडलोट. दोन हजार रुपयांत ग्रंथालयशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेला माणूस पूर्णवेळ ठेवता येत नाही. मग कोणी शेतमजुरी सांभाळून, कोणी शिकवण्या घेऊन वाचनालय उघडतो. त्याला ‘सेवाभावी’ म्हणून गौरविले जाते. त्याच्या सेवाभावाचा गौरव जरूर व्हावा. परंतु सेवाभाव हे वेतन न देण्याचे समर्थन होऊ शकत नाही. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणी व सेवाशर्ती यांचा विचार करून शिफारशी केल्या. त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांना वारंवार मोर्चे काढावे लागले, यातच सर्व आले.

या दुरवस्थेचे मूळ कायद्यातच आहे. 1967 च्या कायद्याने ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत, अशी तरतूद केली. रुपयांत बांधलेला आकडा महागाईबरोबर वाढत नाही. त्याचे मोल दरवर्षी घटते. त्यावर जे काही मिळावयाचे, ते सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहते. मद्रासने 1948 मध्ये आणि कर्नाटकाने 1965 मध्ये वेगळा मार्ग पत्करला. त्यांनी स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसविला. गावाची वस्ती वाढली, घरे वाढली, की उपकराचे उत्पन्नही वाढते. महाराष्ट्राच्या कायद्याने हा मार्ग घेतला नाही.

उपकर हा रामबाण उपाय आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. वसूल केलेला उपकर नगरपालिका व महानगरपालिका ग्रंथालय खात्याकडे वेळेवर भरत नाहीत, ही तक्रार कर्नाटकात जुनी आहे. सरकारी खाते आले की लोकांचा पुढाकार आटतो, ही भीतीही निराधार नाही. बिडी कामगारांना तर उपकराचा अनुभव जवळचा आहे. 1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर बसला, त्यातून कल्याण निधी उभा राहिला, आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या व औषधोपचार मिळू लागले. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर संपला. एका कायद्याने दिलेले दुसरा कायदा काढून घेऊ शकतो, असा त्याचा धडा आहे. म्हणून केवळ कायदा पुरेसा नाही. त्याच्या मागे संघटित वाचक उभा असला पाहिजे. संस्था लोकांच्या हाती, वेतन सार्वजनिक निधीतून, आणि हिशेब वाचकांपुढे उघडा, अशी व्यवस्था मागण्यात गैर काहीच नाही.

यंत्र आणि माणूस

अलीकडे ‘आधुनिक ग्रंथालय’ म्हटले की संगणकाकडे बोट दाखविले जाते. संगणकाला विरोध करणे शहाणपणाचे नाही. तालिका संगणकावर आली, तर वाचकाला लेखक, विषय, शीर्षक यांपैकी कशावरूनही पुस्तक शोधता येते. ग्रंथपालाचा वेळही वाचतो. त्यासाठी महागडी प्रणाली विकत घेण्याची गरजही नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ‘कोहा’ ही प्रणाली 2000 सालापासून वापरात आहे आणि ती सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. सहकाराच्या तत्त्वावर विश्वास असणाऱ्यांना आनंद व्हावा, अशीच ही गोष्ट आहे. परंतु फुकट मिळालेली प्रणालीही चालवावी लागते माणसालाच. संगणक आहे पण तो चालविणाऱ्याला वेतन नाही, अशा ठिकाणी यंत्रावर लवकरच धूळ बसते.

कार्यकर्त्यांपुढील काम

समाजवादी चळवळीने आत्मपरीक्षणही केले पाहिजे. गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर, बिडी कामगार यांच्या वेतनासाठी या चळवळीने लढे दिले. त्याच चळवळीतील कार्यकर्ते अनेक वाचनालयांच्या कार्यकारिणीवर बसतात, आणि तेथील ग्रंथपालाच्या हाती महिन्याकाठी काय पडते, हे त्यांच्यापैकी अनेकांनी कधी विचारलेले नसते. आपल्या दारातील श्रमिक दिसू नये, यापरते वैचारिक अपयश कोणते?

कामाची सुरुवात लहान गोष्टींपासून करता येईल. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हावे आणि वार्षिक सभेत वेतनाची बाब विचारावी. वाचनालयाच्या वेळा वाचकांना विचारून ठरवाव्यात. बिडी कामगारांच्या वस्तीत आठवड्यातून एकदा पुस्तकांची पेटी जावी, आणि ती नेणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळावा. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयासाठी किती तरतूद आहे, हे दरवर्षी तपासावे. कायद्यात दुरुस्ती करून ग्रंथपालाच्या वेतनाची हमी मागणारे निवेदन कर्मचाऱ्यांच्या संघटनेने एकटीने देऊ नये. त्यावर वाचकांच्याही सह्या असाव्यात. वेतनाची मागणी वाचकाने केली, म्हणजे ती एका वर्गाची तक्रार न राहता सार्वजनिक हक्काची मागणी होते.

कण्णूरच्या कामगारांनी आपल्यातील वाचणाऱ्यासाठी आपल्या वाटणीहून अधिक बिड्या वळल्या. त्यांच्याजवळ ना कायदा होता, ना अनुदान. सिन्नरच्या, आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात जो मनुष्य सायंकाळी कुलूप उघडून दिवा लावतो, त्याचे ऋण फेडण्यास समाजाला त्याहून पुष्कळ कमी कष्ट पडतील.