जुन्या जावाचा पत्रा आणि रंग

चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या, पुढे १९७३ पासून येझदी या नावाने विकल्या गेलेल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडल्यावर हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशा झालेल्या मोटरसायकली महाराष्ट्रात आजही अनेक घरांच्या पडवीत किंवा जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभ्या आहेत. त्यांचे दोन-ठोक्यांचे इंजिन रचनेने साधे असल्यामुळे जाणकार मिस्त्रीच्या हाताखाली ते बहुधा पुन्हा सुरू होते. खरा प्रश्न उभा राहतो तो पत्र्याचा. जावाच्या रूपाचा मोठा भाग साच्यात दाबून घडवलेल्या पातळ पोलादी पत्र्याचा आहे. खोलगट मडगार्डे, हेडलाइटचे निमुळते घर, दोन्ही बाजूंच्या फुगीर पेट्या आणि पेट्रोलची टाकी यांच्या सलग वळणांतूनच ती गाडी ओळखू येते. हा पत्रा घरच्या घरी दुरुस्त करून रंगवता येतो काय, आणि येत असल्यास कोठवर, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

व्यावसायिक गॅरेज आणि घर यांतील मुख्य भेद हत्यारांचा नसून सवडीचा आहे. गॅरेजवाल्याला जागा मोकळी करावयाची असते, म्हणून पत्रा ठोकून सरळ करण्याऐवजी खड्ड्यात पुट्टी भरून मोकळे होण्याकडे त्याचा कल असतो, आणि त्यात त्याला फारसा दोषही देता येत नाही, कारण गिऱ्हाईक पैसे मोजते ते वरच्या चकाकीचे. घरी काम करणाऱ्याला मात्र एक मडगार्ड महिनाभर हाताळत बसण्याची मुभा असते. रंगकामाचे यशापयश रंगाच्या खाली ठरत असल्यामुळे ही मुभा फार मोलाची आहे. परंतु तिचा उपयोग कोठे थांबवावा हेही कळले पाहिजे.

पहिला निर्णय रंगवावे की नाही हाच असतो. जावाचा गडद तांबडा रंग, अनेक मॉडेलांत टाकीच्या बाजूंना असलेला क्रोम मुलामा आणि रंगावर ओढलेल्या बारीक रेघा या कारखान्यातून आलेल्या अवस्थेत थोड्याफार शिल्लक असतील, तर त्या खरवडून काढणे हा अविचार होय. फिका पडलेला मूळ रंग हलक्या पॉलिशने उजळता येतो, पण एकदा काढलेला मूळ रंग कोणत्याही किमतीला परत आणता येत नाही. याला आता कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या झालेल्या वाहनाला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, मात्र ते मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याची चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. शिवाय नोंदणी पुस्तकात रंगाचाही उल्लेख असतो आणि तो बदलल्यास आरटीओकडे कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. सारा रंग गेलेलाच असेल, तर मूळ छटेचा नमुना बाजूच्या पेटीच्या आत किंवा सीटखालच्या भागात शोधावा, कारण तेथे ऊन पोहोचलेले नसते. टाकीवरची छटा पाहून रंग मिसळून घेतला, तर अनेक वर्षे विटलेल्या रंगाचीच हुबेहूब नक्कल हाती येते.

जुना रंग काढताना पहिला धोका शिशाचा. त्या काळातील गंजरोधक अस्तरांत आणि काही रंगद्रव्यांत शिशाची संयुगे वापरली जात; देवाला लावतात तो शेंदूर हेही शिशाचेच संयुग, आणि लोखंडावरचे नारिंगी अस्तर पुष्कळदा त्याचेच असे. म्हणून जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासून त्याची धूळ घरात उडवू नये, पाणी लावून घासावा आणि खाली पडणारा चिखल गोळा करून वेगळा ठेवावा. रंग फुगवून सोडवणारे रिमूव्हर काम झपाट्याने करते, पण त्याच्या वाफा बंद खोलीत माणसाला गुदमरवू शकतात, तेव्हा ते अंगणात किंवा गच्चीवरच वापरावे.

रंग निघाल्यावर गंजाचे खरे स्वरूप दिसते. मडगार्डाची आत वळवलेली कड हा त्याचा आवडता मुक्काम. चाकाने उडवलेला चिखल तेथे साचतो, पावसाळाभर ओला राहतो आणि पत्रा आतून खातो, त्यामुळे बाहेर केवळ एक फोड दिसत असताना आत चाळण झालेली असते. अशा ठिकाणी बोटाने पत्रा दाबून पाहणे आणि हलकेच ठोकून आवाज ऐकणे हीच परीक्षा. सुटे भाग गंजमुक्त करण्याचा घरगुती आणि सौम्य उपाय म्हणजे विद्युत्‌अपघटन, अर्थात विजेच्या प्रवाहाने गंज सोडवणे: प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडावयाचा आणि धन टोकाला भंगारातील साध्या लोखंडाचा तुकडा. काही तासांत गंज सुटून काळी साय उरते व ती ब्रशने निघते, चांगल्या धातूला मात्र धक्का लागत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे आजूबाजूला ठिणगी पडेल असे काहीही नसावे.

जो गंज खाचाखोचांतून निघत नाही त्याच्यासाठी बाजारात गंजरूपांतरक द्रव मिळतात. त्यांतील काहींचा आधार फॉस्फरिक आम्ल असतो आणि काहींचा टॅनिन, म्हणजे झाडांच्या साली-फळांतील तुरट द्रव्य. हे द्रव्य लोहाशी संयोग पावून निळसर-काळा स्थिर थर देते. सह्याद्रीतील हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असते, आणि हिरडा व लोहक्षार यांपासून जुन्या काळी काळी शाई करीत असत तीही याच रासायनिक क्रियेने. अर्थात घरी हिरड्याचा काढा करून मडगार्डाला फासण्यापेक्षा तयार द्रव घेणे शहाणपणाचे.

पोचे काढणे हा या कामातील सर्वांत रसाळ आणि सर्वांत कमी समजून घेतला गेलेला भाग. पत्र्याच्या आतल्या बाजूस हातात धरावयाचा गुळगुळीत पोलादी ठोकळा, ज्याला कारागीर डॉली म्हणतात, टेकवून बाहेरून हलक्या हातोडीने ठोकावयाचे असते, आणि डॉलीचे वळण मडगार्डाच्या वळणाशी जुळले पाहिजे. हातोडी थेट डॉलीवर पडली तर मधला पत्रा चेपून पसरतो. ती डॉलीच्या शेजारच्या उंचवट्यावर पडली तर उंचवटा बसतो आणि डॉलीचा दाब खड्ड्याला वर उचलतो. नवखा माणूस नेहमी पहिल्या रीतीने आणि जोराने ठोकतो, परिणामी पत्रा जागच्या जागी ताणला जातो, त्याला मावायला जागा उरत नाही आणि तो बोट लावताच डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होऊ लागतो. मग तो ताण काढण्यासाठी लहानसा ठिपका लाल तापवून, ठोकून ओल्या फडक्याने थंड करावा लागतो, आणि ही कसब लागणारी गोष्ट आहे. तेव्हा पोचा पडला त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे कडेकडून मध्याकडे, शंभर हलके ठोके देणे हे दहा जोरकस ठोक्यांपेक्षा केव्हाही बरे. डोळ्यांपेक्षा तळहात अधिक खरे सांगतो. पातळ सुती हातमोजा घालून पत्र्यावरून हात फिरवला असता न दिसणारी लाट जाणवते.

टाकीची गोष्ट मात्र निराळी आहे. रिकामी टाकी निर्धोक असते ही समजूत जीवघेणी ठरते, कारण पेटते ते द्रव पेट्रोल नसून त्याची वाफ, आणि हवेत या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असताना ती स्फोट पावू शकते. वर्षानुवर्षे कोरड्या पडलेल्या टाकीच्या सांध्यांत आणि गंजाच्या थरातही तेवढी वाफ दडून असते. म्हणून टाकीला डाग देणे, ब्रेझिंग वा वेल्डिंग करणे ही कामे घरी करू नयेत. आतील गंज सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने काढणे घरी शक्य आहे, पण नंतर आतून लेप द्यावयाचा असेल तर तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारा आहे याची खात्री करून घ्यावी, अन्यथा लेपाच्या खपल्या सुटून कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतात.

उघड्या पोलादावर दमट हवेत काही तासांतच नवा गंज धरतो, यास्तव त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरचा हात दिला पाहिजे. त्यावर पुट्टी लावावी ती केवळ एक-दोन मिलिमीटरची उणीव भरून काढण्यापुरती. आणि येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, की पुट्टी पाणी शोषते. तिला ओल्या पेपरने घासले, किंवा पुट्टी व सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग समतल करणारा थर) लावलेले मडगार्ड श्रावणभर तसेच टांगून ठेवले, तर ओल आत मुरते आणि रंग दिल्यावर काही महिन्यांनी फोड उठतात. पुट्टी ८० आणि १८० क्रमांकाच्या पेपरने कोरडीच घासावी, वर सरफेसरचे हात द्यावेत आणि मगच ४०० ते ८०० पर्यंतचे पेपर पाण्याबरोबर वापरावेत. सरफेसरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून घासल्यास खोलगट जागी काळे ठिपके शिल्लक राहतात आणि चूक आपोआप उघडी पडते.

अखेरच्या रंगाबाबत घरी काम करणाऱ्याने स्वतःला मर्यादा घालून घेणे आवश्यक आहे. आज सर्रास वापरले जाणारे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग अतिशय टिकाऊ असतात आणि सांडलेल्या पेट्रोललाही दाद देत नाहीत, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची संयुगे असतात. त्यांचा फवारा फुफ्फुसांत गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्यांचे वावडे निर्माण झाले की नंतर अल्प मात्राही झटका आणते. नाकाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंदिस्त खोली लागते. त्यामुळे प्रायमरपर्यंतचे सगळे कष्ट घरी करून अखेरचे हात रंगशाळेत मारून घेणे यात कमीपणा कसला? जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला आपल्याकडे ड्यूको म्हणतात, तो मोकळ्या हवेत आणि वाफा रोखणारा मुखवटा लावून घरी मारता येतो. त्याची झिलई त्या काळच्या गाड्यांना शोभूनही दिसते, मात्र टाकीवर पेट्रोल सांडले की त्याला डाग पडू शकतो.

लॅकरला पावसाळा सोसत नाही. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले, तेही उन्हाच्या झोतात नव्हे. क्रोमचे काम घरचे नाहीच. ते रंगाच्या आधी मुलामेवाल्याकडून करून घ्यावे, आणि फार पातळ झालेली टाकी तेथील घासाईतच भोके पडून परत येते हे आधी समजून असावे. टाकीवरील रेघांसाठी चिकटपट्टीपेक्षा फ्लेक्स फलकांनी ज्याचे काम हिरावले असा एखादा जुना पाट्या रंगवणारा पेंटर शोधावा. लांब केसांच्या ब्रशने एका दमात ओढलेल्या त्याच्या रेघेला जी किंचित जाड-बारीक लय असते ती छापील पट्टीला येत नाही.

जुळणी करताना नव्या रंगाला काही आठवडे पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर बोल्ट आवळताच वॉशरखाली रंग चुरगळतो. आणि सारे जागेवर बसल्यावर दिवा लागत नाही वा हॉर्न वाजत नाही, तेव्हा वायरिंग उचकटण्याआधी रंगाकडेच पाहावे. जावाच्या सहा व्होल्टच्या रचनेत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडाच असतो, आणि अर्थिंगच्या बोल्टखाली बसलेला रंगाचा निर्दोष थर ती वाट बंद करून टाकतो. तेवढी नाण्याएवढी जागा पुन्हा पोलादापर्यंत खरवडून काढावी लागते.