ठरावातले पाणी आणि ओंजळीतले पाणी
(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे, तो आपल्या सुशिक्षित घरांतून सहसा मोठ्याने काढला जात नाही. गर्भपाताचा कायदा काय आहे, आणि त्याचा लाभ कोणास मिळतो व कोणास मिळत नाही, हा तो विषय होय. मी महाड-पोलादपूरच्या मुलुखात आयुष्य काढलेला एक शाळामास्तर आहे. वैद्य नव्हे, की वकील नव्हे. परंतु कायदा ज्यांच्यासाठी असतो त्यांना तो उमजेल अशा भाषेत सांगणे हे शिक्षकाचे कामच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने असे ठरविले की, स्त्रीचा प्राण वाचविण्याखेरीज अन्य हेतूने गर्भपात करविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत कारावास व्हावा. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीदेखील त्यात अपराधीच ठरली. कायदा सर्वांस सारखा होता. पण त्याचा जाच सर्वांस सारखा नव्हता. रूढीने ज्यांना पुनर्विवाहाची वाट बंद केली होती, त्या विधवांपुढे विहीर किंवा फास एवढेच उरत असे. म्हणूनच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे १८८१ साली सुरतेकडील एका विधवेला स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर सौम्य करण्यात आली. त्या प्रकरणावर उठलेल्या गदारोळातून ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ १८८२ साली बाहेर पडला. सारा दोष स्त्रीच्याच माथी का, हा त्यांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६४ साली सरकारने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरून केलेल्या गर्भपातांमुळे स्त्रिया प्राणास मुकतात, हे तिच्यापुढचे मुख्य दुखणे होते. १९६६ साली तिचा अहवाल आला, १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अंमलात आला. २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराचे मत पुरते; वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे लागते, आणि तेही ठराविक स्त्रियांसाठीच. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणातच वैधव्य अथवा घटस्फोट आलेली, तसेच सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेली, अशा स्त्रिया त्या यादीत आहेत. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यातून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या विधवेला १८८१ साली फाशी फर्माविली गेली, तिच्यासारखीचे नाव आता कायद्याच्या यादीत आले, ही लहान गोष्ट नव्हे.

मग तक्रार कसली, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर मला महाडच्या चवदार तळ्यापाशी मिळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या सूचनेवरून केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाले, पण पाणी काही मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा कोठे ठरावाला अर्थ आला. आणि त्यानंतरही न्यायालयातला झगडा १९३७ पर्यंत चालला. ठरावातले पाणी आणि ओंजळीतले पाणी यांत केवढे अंतर असते, हे महाडकरांना कोणी शिकवावयास नको.

आता पोलादपूर तालुक्यातील एखादी डोंगरवाडी डोळ्यांपुढे आणा. नवरा मुंबईस कामाला, घरात सासू, पदरी दोन मुले. पाळी चुकल्याचे बाईच्या ध्यानात येते, तोवर भातलावणीचे दिवस येतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुभा नऊ आठवड्यांपर्यंतच. पण त्या देण्याचा अधिकार अनुभवी डॉक्टरालाच. त्याहून पुढच्या शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर पाहिजे, आणि जागा सरकारी रुग्णालयाची किंवा सरकारमान्य पाहिजे. वाडीपासून डांबरी सडक पायवाटेने, सडकेपासून पोलादपूर एस.टी.ने, तेथे काम न झाले तर महाड, आणि महाडाहून जिल्ह्याचे ठाणे अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटर. प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते, आणि घरी एक सबब सांगावी लागते. मुंबईच्या बाईला जो निर्णय एका दुपारी उरकता येतो, त्याला या बाईचा महिना जातो. कायदा आठवडे मोजतो, आणि ते आठवडे तर रस्त्यातच संपतात. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली, त्या दिवसांत या भागातील रस्तेच बंद पडले होते, हेही विसरून चालणार नाही.

यात आणखी एक घोटाळा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली आपल्याच महाराष्ट्राने केला. तो आवश्यकच होता, व आहे. परंतु लिंग पाहून गर्भ पाडणे हा गुन्हा, आणि कायदेशीर कारणासाठी गर्भपात करविणे हा गुन्हा नव्हे, हा भेद पुष्कळांच्या मनात पुसला गेला आहे. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून औषधविक्रेते गोळ्या ठेवीनासे होतात, डॉक्टर हात आखडता घेतात. आणि त्याचा भुर्दंड पडतो तो निरपराध बाईवर.

गर्भातील जीवाचा विचार ज्यांना अस्वस्थ करतो, त्यांची थट्टा मी करणार नाही. तो विचार गंभीर आहे. पण मनाई केल्याने गर्भपात थांबतात काय, हे पाहिले पाहिजे. ऐपतदार स्त्री दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी जाते. गरीब स्त्री काडी किंवा काढा यांकडे वळते. आयर्लंडात २०१२ साली बेळगावची एक तरुण दंतवैद्य, सविता हलप्पनवार, गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही वेळेवर गर्भपात न मिळाल्याने जंतुदोषाने दगावली. २०१८ साली त्या देशाने सार्वमताने आपली बंदी उठविली. उलट अमेरिकेत १९७३ पासून मान्य असलेला हक्क २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेच काढून घेतला, आणि तेव्हापासून कित्येक राज्यांतील स्त्रियांना सीमा ओलांडून जावे लागते. तेथे आडवा येतो तो कायदा; आमच्याकडे आडवा येतो तो घाट. बाईच्या दृष्टीने फरक किती?

तेव्हा मागणे मोठे नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या कामाचा प्रशिक्षित डॉक्टर व औषधे बारा महिने असावीत. सज्ञान स्त्रीला पतीची संमती लागत नाही, फक्त तिची स्वतःची लागते, आणि तिचे नाव गुप्त राखणे बंधनकारक आहे, ही दोन वाक्ये प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहावीत. आशा कार्यकर्तीला ती तोंडपाठ असावीत. आणि आपण सुशिक्षितांनी आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईला ती सांगण्याचा संकोच सोडावा. पुष्कळदा ती कोकणातल्या अशाच एखाद्या वाडीतून आलेली असते.

तळे खुले झाल्याचा ठराव आपण केव्हाच केला आहे. आता पाणी ओंजळीपर्यंत पोचते की नाही, हे पाहणे उरले आहे. एवढे सांगून आपली रजा घेतो.