महार रेजिमेंट : नावामागचा इतिहास



मी गिरणीत राबणारा माणूस. शाळा जेमतेम, बाकी वाचून-ऐकून जमवलेलं. आपली तरुण पोरं विचारतात, "१९५६ साली आपण जात टाकून दिली, मग पलटणीला अजून महार हे नाव कशाला ?" प्रश्न रास्त आहे. दटावून त्यांना गप्प बसवू नये.

आधी शब्द बघू. भांडारकरांनी तो 'मृताहार' म्हणजे मेलेलं खाणारा, असा लावला. जोतीराव फुल्यांनी 'महाअरि' म्हणजे मोठा शत्रू, असा लावला. विद्वानांचा निवाडा अजून झालेला नाही. मला जोतीरावांचा अर्थ पटतो, कारण त्यात माणूस उभा दिसतो.

आता पलटण. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढले त्यांची नावं स्तंभावर आहेत. त्यांत '-नाक' ने संपणारी कितीतरी ! तरी १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून आपली भरतीच बंद केली. पेन्शनीवर गुजराण करणाऱ्या आपल्या दापोलीच्या सैनिकांच्या घरांवर तो घाला होता. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच पेन्शनर. १८९४ साली त्यांनी सरकारकडे भरतीसाठी अर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही दापोलीत राहिले होते. पुढे महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला '१११ वी महार' पलटण उभी राहिली, आणि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडली. काम सरो, वैद्य मरो !

म्हणून १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तेव्हा त्यांनी स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता. ज्या नावानं दार बंद केलं, त्याच नावानं ते उघडलं, हे पोरांनी ध्यानात घ्यावं.

आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत. परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन् हे ८ महारचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत ते धारातीर्थी पडले. ते काही आपल्या जातीचे नव्हते. तिथं हे नाव आता पलटणीचं आहे, जातीचं नाही. आपल्या दाखल्यावर मात्र बौद्धच लिहायचं, यात गल्लत नको.

ज्यांच्या घरी पेट्यांत आजा-पणज्याची पेन्शनबुकं, बिल्ले पडून असतील, त्यांनी ते विहारात आणून दाखवावेत. वाळवी लागण्याआधी नावं उतरवून घेऊ.