चार इंची तुकड्यांचा अंगरखा

कापड विणायचं म्हणजे खोलीभर माग हवा, असं आपण धरून चालतो. पण तळहातावर मावणारी एक चौकटही पुरते. तिच्या चारही कडांना बारीक खिळे असतात. 1930 च्या दशकात अमेरिकेत ‘वीव्ह-इट’ नावाने असे छोटे माग घरोघरी पोचले. त्यांच्यासोबत कपड्यांच्या नमुन्यांची पुस्तकंही निघाली.

विणकाम मोठं गमतीचं आहे. लोकरीचा धागा आधी उभा गुंडाळायचा, मग त्यावर आडवा, मग पुन्हा उभा. शेवटचा थर लांब सुईने, एक धागा वर, एक खाली, असा ओवायचा. सुरुवातीला सुई सहज सरकते. शेवटच्या ओळींना मात्र धागे ताठ होतात आणि सुईचं टोक वाट शोधत पुढे न्यावं लागतं. खिळ्यांवरून काढलेल्या चौकोनाला चारही बाजूंनी पक्का काठ असतो. कापायचं काही नाही, दोरे सुटत नाहीत.

असे चौकोन जोडून अंगरखा करताना छातीचा घेर 40 इंच असेल तर चार इंची दहा चौकोन एका रांगेत लागतील. पण लोकर धुतल्यावर आटते, म्हणून आधी एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजाच. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गळ्यासाठी चौकोन कर्णावर दुमडला की तिरकी कड आयती मिळते. जोडताना त्याच लोकरीने काठाच्या फासांतून टाके घ्या, आणि दोरा ओढून घट्ट करू नका; शिवण चुरगळते.