आव्याशेजारी एक वही



 

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिलावर्तुळांच्या परिसरात काळी-तांबडी भांडी सापडली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. आतून आणि काठाशी काळीभोर, बाहेरून खाली तांबडी. हा लावलेला रंग नव्हे. बहुतेक अभ्यासकांच्या मते भांडं पालथं घालून भाजलं, की आत हवा पोचत नाही आणि धुराचा कार्बन मातीत मुरतो. बाहेर हवा लागते, तिथे मातीतलं लोह तांबडं होतं. एकाच आगीतून दोन रंग काढणाऱ्या त्या कारागिराला आग पुरती कळलेली होती. त्याचं नाव कळायला आज काही मार्ग नाही. पण या सभागृहात बसलेल्या कुंभारांचं नावही त्यांच्या भांड्यावर नसतं, हे मला फार खुपतं.

याउलट, डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ सॅक्सबो नावाची एक लहानशी कार्यशाळा होती. नताली क्रेब्स या रसायन अभियंता बाईंनी ती १९३० च्या सुमारास उभी केली आणि १९६८ पर्यंत चालवली. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, क्रेब्स यांचा, तर आकार मुख्यतः एव्हा स्टेअर-नीलसन यांचे. भांड्याच्या बुडाशी कार्यशाळेचा शिक्का असे आणि आकार घडवणारीची आद्याक्षरंही असत. रसायन जाणणारी आणि माती घडवणारी अशा दोघी एका छपराखाली वर्षानुवर्षं काम करत राहिल्या, म्हणून त्या साध्या, शांत भांड्यांचं जगात नाव झालं.

शास्त्र आणि माती असं एकत्र येणं आपल्याकडेही घडलं आहे. चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला. गांधीविचाराचा हा माणूस मातीचं शास्त्र घेऊन खेड्यातल्या कुंभाराकडे गेला. पुढे अनेक कलावंत त्या भट्ट्यांवर काम करून गेले. भद्रावतीचं हे ऋण विदर्भानं अजून नीट ओळखलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शास्त्र मात्र शिकलेल्यांच्याच बाजूला असतं असं समजू नका. संत गोरोबाकाकांचं थापटणं सगळ्या महाराष्ट्राला कथेतून ठाऊक आहे. कुंभाराला प्रत्यक्ष थापटताना फार थोड्यांनी पाहिलंय. चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि बुटकं असतं. डाव्या हातात गुळगुळीत दगड धरून तो आतून टेकवायचा, बाहेरून उजव्या हातातलं थापटणं मारायचं. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो, आणि जाणता हात त्या आवाजावर थांबतो.

तसंच शास्त्र माठातही आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. मातीत मिसळलेली लीद भाजताना जळून जाते आणि बारीक छिद्रं मागे ठेवते. लीद जास्त झाली तर माठ गळतो, कमी झाली तर पाणी गार होत नाही. बाराशे अंशांच्या पुढे भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये ही छिद्रं जवळपास मिटलेली असतात. लोणच्याला ती बरणी उत्तम, उन्हाळ्यातल्या पाण्याला निरुपयोगी. म्हणून ग्लेझ दिलेली बरणी म्हणजे प्रगती आणि माठ म्हणजे मागासलेपण, ही समजूत कलाशाळांनी आधी सोडावी.

लिदीचं हे प्रमाण कुठे लिहिलेलं आहे? सहसा कुठेच नाही. मुलगा शहरात नोकरीला गेला की ते बापाबरोबर संपतं.

म्हणून माझी मागणी अगदी रोकडी आहे. भांडी भाजण्याच्या प्रत्येक आव्याशेजारी एक वही असावी. माती कोणत्या तळ्याची, राख-लीद किती, सरपण कसलं, आग किती वेळ, भांडी किती फुटली, हे सगळं तिच्यात यावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ विद्यार्थ्यांनी बसावं आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी माती तपासून द्यावी आणि निकाल कुंभाराच्या घरी मराठीतून पोचवावा. शिवाय प्रत्येक भांड्याच्या बुडाशी घडवणाऱ्याचा ठसा हवा. माठ असो की पणती.

उद्या सकाळच्या सत्रात या मागणीचा ठराव मी मांडणार आहे. वहीत आणखी काय नोंदवायला हवं, ते आव्यावर काम करणाऱ्यांनी आज रात्री जेवणाच्या वेळी मला येऊन सांगावं.