शेजारची दाढ

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



समजा, एका घरातली दोन भावंडं शिकायला परदेशी गेली आहेत. थोरला अमेरिकेत, धाकटी इंग्लंडमध्ये. दोघांच्याही खालच्या जबड्यात अक्कलदाढा तिरक्या आहेत आणि दोघांनाही आज काही दुखत नाही. थोरल्याला तिथला दंतवैद्य बहुधा म्हणेल, वय लहान आहे तोवर चारही काढून टाकू. धाकटीला तिथले डॉक्टर सांगतील, त्रास नाही ना, मग हात लावायचा नाही. घरी आईवडील दोन्ही फोन ऐकतात आणि आमच्यासारख्या दंतवैद्यांकडे येऊन विचारतात, खरं कुणाचं?

हा मतभेद जुना आहे. अमेरिकेत 2007 साली जे फ्रीडमन या दंतवैद्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात लिहिलं, की त्या देशात वर्षाला सुमारे 50 लाख लोकांच्या 1 कोटी अक्कलदाढा काढल्या जातात आणि त्यांतल्या किमान दोन तृतीयांश काढण्याची गरजच नसते. इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या सरकारी संस्थेने 2000 सालीच सांगून टाकलं होतं, की ज्या अक्कलदाढेला रोग नाही ती केवळ पुढे त्रास होईल म्हणून काढू नये. कीड, गळू, गाठ किंवा हिरडीची वारंवार येणारी सूज असेल तरच काढावी.

मला हा इंग्रजी नियम तत्त्व म्हणून पटतो. निरोगी अवयव कापून काढायचा तर कारण दाखवण्याची जबाबदारी कापणाऱ्यावर असते. पण पुढच्या दहा वर्षांत तिथे जे झालं तेही सांगायला हवं. आधी शस्त्रक्रिया कमी झाल्या, मग पुन्हा वाढल्या. रुग्णाचं सरासरी वय पंचविशीवरून तिशीच्या पुढे गेलं आणि कारणांमध्ये कीड हे कारण ठळक होत गेलं. या माणसांच्या बाबतीत निर्णय टळला नाही, पुढे ढकलला गेला. मधल्या काळात किंमत कुणी मोजली? बऱ्याच वेळा अक्कलदाढेच्या पुढच्या दाढेनं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की अक्कलदाढ काढायची की ठेवायची हे ठरवताना नजर आधी त्या पुढच्या दाढेवर हवी.

ही पुढची, म्हणजे दुसरी मोठी दाढ साधारण बाराव्या वर्षी येते आणि आपण नीट वागलो तर सत्तरीपर्यंत भाकरी चावते. तिच्या मागे अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. तोवर जबड्याची वाढ जवळपास संपलेली असते. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर 100 पैकी सुमारे 23 जणांना एक तरी अक्कलदाढ जन्मतःच नसते आणि सुमारे 24 जणांची एक तरी दाढ अडकलेली असते. मऊ, शिजवलेल्या अन्नामुळे जबड्याला चावण्याचं काम कमी पडतं आणि तो पुरेसा वाढत नाही, असं अनेक संशोधक मानतात. त्यात आनुवंशिकताही आहेच. मुलाला लहानपणापासून ऊस सोलायला दिला तर दाढ सरळ येईल, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर तेवढ्यावर विसंबू नका.

अडकलेली दाढ बहुतेक वेळा पुढे झुकलेली असते. तिचं डोकं शेजारच्या दाढेच्या मागच्या अंगाला टेकतं आणि दोघींच्या मध्ये एक खाच तयार होते. तिथे ब्रश पोचत नाही, जीभ पोचत नाही, चूळ भरून काही निघत नाही. अन्न साचतं आणि शेजारच्या दाढेच्या मागच्या भिंतीला, हिरडीलगत, कीड लागते. ही जागा आरशात दिसत नाही. ती किडत असताना दुखत नाही. दुखतं तेव्हा कीड नसेपर्यंत पोचलेली असते, आणि जागा इतकी मागे आणि इतकी खाली असते की रूट कॅनाल करून कॅप बसवणंही कठीण होतं. असे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. वय तिशीच्या आसपास, दात एरवी उत्तम, आणि एक्स-रेत मात्र दोन्ही दाढा गेलेल्या. अक्कलदाढ गेल्याचं मला वाईट वाटत नाही. दुसरी गेली याचं वाटतं, कारण ती वाचवता आली असती.

कीड लागली नाही तरी दोघींच्या मधलं हाड झिजू शकतं. कॉक्रेन या संस्थेने त्रास न देणाऱ्या अडकलेल्या दाढांवरचे अभ्यास तपासले आणि 2020 साली अहवाल दिला. काढाव्यात की ठेवाव्यात हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असा तो अहवाल आहे. मात्र त्यात विचारात घेतलेल्या, पुरुषांना अनेक वर्षं पाहत राहिलेल्या एका अभ्यासात अडकलेली दाढ ठेवलेल्यांमध्ये शेजारच्या दाढेच्या हिरडीचा आणि हाडाचा विकार अधिक दिसला. पुरावा भक्कम नाही. तरी त्याचं बोट पुन्हा त्याच दाढेकडे आहे.

आता ज्या त्रासामुळे बहुतेक लोक आमच्याकडे येतात त्याबद्दल. दाढ अर्धी वर आलेली असते आणि तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो. त्या पदराखाली अन्न आणि जंतू साचतात, पदर सुजतो, सुजला की वरची दाढ त्यावर आपटते, आणि आपटली की तो आणखी सुजतो. कान दुखतो, गिळताना दुखतं, तोंडाला घाण वास येतो, तोंड उघडत नाही. कितीतरी जण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात. दाढेची आणि कानाच्या परिसराची संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून जाते, म्हणून ही गल्लत होते.

यावर आपल्याकडचा रुळलेला उपाय म्हणजे मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. दोन दिवसांत बरं वाटतं, गोळ्या थांबतात, महिन्या-दोन महिन्यांत दुखणं परत येतं. पदराखालची घाण तशीच असेल तर गोळी काय करणार? खरा उपचार साधा आहे. दंतवैद्याने पदराखालची जागा धुऊन स्वच्छ करायची, घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, वरची दाढ लागत असेल तर ती घासायची किंवा काढायची. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तरच अँटिबायोटिक. लवंगतेलाचा बोळा थोडा वेळ चालेल. पण दुखऱ्या दाढेपाशी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, त्यानं हिरडी भाजते. मिश्री तर नकोच.

एक गोष्ट मात्र उद्यावर ढकलायची नाही. जबड्याखाली किंवा गळ्यात सूज उतरली, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, श्वास जड झाला, तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच सावध असावं. दाढेचा पू गळ्यात उतरला तर माणूस दगावू शकतो.

पदराची सूज एकदाच आली आणि साधी होती, तर थांबता येतं. दाढ सरळ असेल, जागा असेल, तर ती पूर्ण वर येते आणि पदर आपोआप मागे सरतो. पुन्हा आली, किंवा पहिलीच जोरदार आली, तर त्या दाढेला निरोप द्यावा.

आता जी कारणं मी कारणं मानत नाही ती. ‘पुढचे दात वाकडे होतील, अक्कलदाढ मागून ढकलते.’ हे इतक्या वेळा सांगितलं जातं की लोकांना ते सिद्ध झालेलं वाटतं. ब्रिटनमध्ये यावर प्रयोग झाला. तरुणांचे दोन गट चिठ्ठीपद्धतीने केले, एकाच्या अक्कलदाढा काढल्या, दुसऱ्याच्या ठेवल्या, आणि सरासरी साडेपाच वर्षांनी पुढच्या दातांची मापं घेतली. 1998 साली निष्कर्ष छापून आला, की पुढच्या दातांची दाटी टाळण्यासाठी अक्कलदाढ काढण्याचं समर्थन होत नाही. अक्कलदाढ नसलेल्या माणसांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटतातच. ‘एक काढतोच आहोत, तर चारही काढू’ हेही कारण नव्हे. वरच्या अक्कलदाढा बऱ्याचदा नीट येतात. गालाकडे वळून गाल चावला जात असेल किंवा समोरची गेल्यावर ती खाली लोंबत असेल, तर प्रश्न वेगळा.

काढण्याची किंमतही माहीत हवी. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्याकडे असते. काही माणसांत अक्कलदाढेची मुळं या नसेला अगदी भिडलेली असतात. शस्त्रक्रियेत ती दुखावली तर ओठ बधिर होतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. शंभरात एकापेक्षा कमी लोकांत बधिरता कायमची राहते. पण ज्याची राहते त्याला दाढी करताना, चहा पिताना, मुलाचा मुका घेताना ती रोज जाणवते. जिभेच्या बाजूलाही अशीच एक नस असते. म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘एक्स-रेत नस कुठे आहे, दाखवता का?’ संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला आपण ओपीजी म्हणतो, त्यात नसेच्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. मुळापाशी रेघ तुटली असेल, वळली असेल किंवा मूळ तिथे काळपट दिसत असेल, तर सीबीसीटी स्कॅन करून नेमकं पाहावं. धोका मोठाच असेल तर दाढेचं फक्त डोकं कापून मुळं जागीच ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. ती निवडक रुग्णांत चांगली चालते.

वयाचाही हिशेब आहे. विशीच्या आसपास मुळं बऱ्याचदा पूर्ण झालेली नसतात, हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. चाळिशीनंतर तीच शस्त्रक्रिया जास्त त्रासाची होते. ‘आत्ताच काढा’ म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. म्हणूनच मला वाटतं, की अठरा ते बावीसच्या दरम्यान प्रत्येकाने एकदा दाढा दाखवून घ्याव्यात. पूर्ण वर आलेली, ब्रश पोचतो आहे अशी दाढ ठेवावी. हाडात पूर्ण गाडलेली, तोंडाशी संबंध नसलेली दाढ पाहत राहावी. ती काढायला जास्त हाड कापावं लागतं, आणि तिच्याभोवती पाण्याची गाठ होते ती क्वचित. अर्धवट वर आलेली, पुढे झुकून शेजारच्या दाढेला टेकलेली, अन्न अडकवणारी दाढ मात्र दुखण्याची वाट न पाहता काढण्याकडे माझा कल असतो. इथे मी इंग्लंडच्या नियमापासून थोडी दूर जाते, आणि समजून-उमजून जाते.

ठेवायची ठरली तर ती विसरायची नाही. वर्षातून एकदा तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे, आणि जुना एक्स-रे जपून ठेवायचा. पाच वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या फिल्मशेजारी धरली की हाड झिजतंय का, शेजारच्या दाढेवर काळी सावली येतेय का, हे कळतं.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या पालकांना एक विनंती. तिकडे दातांचा खर्च फार असतो, अनेक विम्यांत तो धरलेला नसतो, म्हणून जाण्याआधी दाखवणं शहाणपणाचंच. पण विमानाच्या आठ दिवस आधी येऊ नका. दोन-तीन महिने आधी या. काढायची नसेल तर तसं सांगू, काढायची असेल तर सूज उतरायला, टाके निघायला वेळ मिळेल. दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी अचानक वाढलं, तर रक्ताची गुठळी निघून खड्डा उघडा पडलेला असू शकतो. त्याला घाबरायचं नाही, पण डॉक्टरांकडे जायचं. धूम्रपान करणाऱ्यांत हे जास्त होतं.

वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही भीती आजही आजी-आजोबांच्या मनात आहे. डोळ्याची नजर ज्या नसेवर आहे ती आणि दाताची नस या पूर्ण वेगळ्या आहेत. नजर जात नाही. चाळिशीत चष्माही लागतो आणि दाढाही निघतात, एवढाच त्यांचा संबंध. आणि दाढ काढायला येताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने थांबवून येऊ नका, त्यात हृदयाला धोका आहे. गोळीचं नाव सांगा, पुढचं आम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवू.

शेवटची गोष्ट आपल्या भागाची आहे आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुपारी, गुटखा, मावा, खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होते, तिखट झोंबतं. तो म्हणतो, अक्कलदाढ येतेय म्हणून तोंड उघडत नाही. दाढेने तोंड आखडलं तर ते काही दिवसांत, दुखण्यासकट येतं आणि उपचाराने उतरतं. सुपारी-गुटख्याने आखडलेलं वर्षानुवर्षं आखडत जातं, दुखतही नाही, आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि तरीही असे तरुण आमच्याकडे येतातच. खालच्या अक्कलदाढेच्या मागची जागा तर तोंडाच्या कर्करोगाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तिथली जखम ‘दाढ लागतेय’ म्हणून महिनोन् महिने अंगावर काढली जाते. दाढ घासून किंवा काढून दोन-तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही, तिचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. घरात कुणाची अशी जखम असेल तर उद्या सकाळी त्यांना घेऊन निघा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ही तपासणी कमी खर्चात होते.