स्टीलचा ओटा आपण बसवूया

आज स्टीलच्या ओट्याबद्दल बोलायचं आहे. हॉटेलच्या भटारखान्यात, हॉस्टेलच्या मेसमध्ये असतो ना, तसला. आमच्या गटाच्या स्वयंपाकखोलीत कुणी आली की मसाल्याचा भाव नंतर विचारते, आधी ओट्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "हा कुठून आणला गं?" आणला नाही, बसवला. पत्रा कापणं, वाकवणं आणि वेल्डिंग तेवढं दुकानात करून घेतलं, बाकीचं आमचं आम्ही केलं. ते कसं करायचं, तेच सांगतो.

आधी एक सांगू, कडप्प्याला आम्ही नावं ठेवत नाही. आपल्या सगळ्यांचे संसार कडप्प्यावरच झाले. पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, ताक सांडून राहिलं की त्याचा तुकतुकीतपणा जातो आणि मग तेल, हळद त्यात मुरते. दोन फरश्यांच्या सांध्यात पीठ बसतं, पिठामागे झुरळं येतात. घरात चालून जातं. विकायचा माल करायचा म्हटलं की अन्नसुरक्षेचे नियम येतात. २०११ च्या परवान्याच्या नियमांना चौथी अनुसूची जोडलेली आहे, तीत कामाची जागा आणि भांडी-यंत्रं गुळगुळीत, न गंजणारी, सहज धुता येणारी असावीत असं आहे.

पण आम्हाला पटलं ते दुसरंच कारण. गटाची खोली भाड्याची. तिथं विटा-सिमेंटचा ओटा घातला की तो मालकाचा झाला. खोली सोडली की ओटा तिथंच. आपल्या बायकांचं बहुतेक असंच असतं, खर्च आपला आणि वस्तू भिंतीला चिकटलेली. लोखंडी स्टँडवर नटबोल्टनं बसवलेला स्टीलचा ओटा उद्या टेम्पोत घालून नेता येतो. गटाच्या वहीत तो मालमत्ता म्हणून लिहिता येतो. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका, की सुटा होणारा ओटा करायचा.

आता पत्रा. बाजारात तो किलोवर मिळतो आणि जाडी गेजमध्ये सांगतात. गेज जितका मोठा, पत्रा तितका पातळ. ओट्याला १८ किंवा २० गेज घ्या, म्हणजे साधारण १.२ किंवा ०.९ मिलिमीटर. बावीसचा पातळ पडतो, सोळाचा उगाच महाग. दुकानदार तोंडानं अठरा सांगेल, पण खरं काय ते वजन सांगतं. हिशेब पाठ करून ठेवा: एक फूट बाय एक फूट, एक मिलिमीटर जाड, वजन पाऊण किलो. अख्खा पत्रा आठ बाय चार फुटांचा, म्हणजे बत्तीस चौरस फूट. एक मिलिमीटर जाडीचा असेल तर चोवीस किलोच्या आसपास भरला पाहिजे. समजा त्या दिवशीचा भाव अडीचशे रुपये किलो निघाला, तर सहा हजार रुपये. भाव रोज बदलतो, म्हणून दोन-तीन दुकानांत एकाच दिवशी विचारा आणि वाकवायची, वेल्डिंगची मजुरी वेगळी धरा.

दुसरी गोष्ट ग्रेडची. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ नंबरात निकेल कमी, त्याच्या जागी मँगनीज, म्हणून ते स्वस्त. आपल्याकडे बाया लोहचुंबक घेऊन दुकानात जातात. चिकटला नाही म्हणजे चांगलं स्टील, असा समज. त्यानं फक्त ४३० सारखं चुंबकाला चिकटणारं स्टील ओळखू येतं. २०२ ला चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही चिकटत नाही, त्यामुळे या दोघांत फसवणूक झाली तर चुंबक गप्पच बसणार. बिलावर ग्रेड लिहून घ्या. नुसत्या पोळ्या लाटायच्या असतील तर २०२ चालेल. लोणचं, मीठ, चिंच, मासळी यांचं काम असेल तर ३०४ च घ्या, तिथं काटकसर नको.

पत्रा कापायला द्यायच्या आधी उंची ठरवा. ओट्याची उंची नेहमी गवंडी ठरवतो आणि पाठ आपली दुखते. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं. चिरणं, भरणं, पॅकिंग यांसाठी ओटा कोपराच्या तीन-चार इंच खाली हवा. लाटायला, मळायला जोर वरून खाली लावायचा असतो, तिथं सहा-सात इंच खाली. पाच फुटी बाईचं कोपर साधारण सदतीस इंचांवर येतं, म्हणजे चिरायला तेहतीस-चौतीस आणि लाटायला तीस-एकतीस. गटात सगळ्या एका उंचीच्या नसतात. आपापली मापं भिंतीवर खडूनं लिहा आणि जी रोज सगळ्यात जास्त वेळ उभी राहते तिचं माप आधी धरा, मग ती अध्यक्ष असो वा नसो. उंच बाईला जाड पोळपाट देता येतो, बुटकीच्या पायाखाली फळी देता येते. गॅसची शेगडी स्वतःच चार-सहा इंच उंच असते, म्हणून शेगडीपुरता स्टँड खाली घेतला तर भाजी ढवळताना खांदे वर चढत नाहीत.

स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, दीड इंची. आठ फुटांचा एकसंध करू नका. चार-चार फुटांचे दोन करा आणि मध्ये बोल्टनं जोडा, म्हणजे दारातून जातात. रेड ऑक्साइड मारून वर रंग द्या, पायांना रबरी बूट घाला. जमीन सपाट कधीच नसते. गवंड्यासारखी पारदर्शक नळी पाण्यानं भरा आणि दोन्ही टोकांची पातळी बघा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यांना मोठी मौज वाटली.

मग पुठ्ठा. टीव्ही-फ्रिजची खोकी दुकानदार देतात. ओट्याचं पूर्ण माप पुठ्ठ्यावर कापायचं आणि जागेवर ठेवून बघायचं. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे असं धरून चालू नका. एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा खरा. नाही आलं तर पुठ्ठाच तिरका कापा. आणि हो, तोच पुठ्ठा बाहेरून दारातून आत आणून बघा. बोळातलं वळण आडवं येतं का, ते तेव्हाच कळतं.

दुकानात पुठ्ठा घेऊन जायचं. रुंदीचा हिशेब असा: ओट्याची खोली चोवीस इंच, पुढं खाली वळलेली पट्टी दीड इंच, तिचा काठ आत दुमडायला अर्धा इंच, भिंतीकडे वर चढणारी पट्टी चार इंच. झाले तीस इंच. पत्रा अठ्ठेचाळीस इंच रुंद, म्हणजे अठरा इंचांची आठ फूट लांब पट्टी उरते. ती दुकानात सोडून येऊ नका, तुमच्या पैशाची आहे. शेगडीमागं भिंतीला लावली की फोडणीचे शिंतोडे एका फडक्यात पुसले जातात. ओट्याचं एक टोक मोकळं असेल तर तिथंही पट्टी खाली वळवून कोपरा आर्गन वेल्डिंगनं जोडून घ्या. त्या वळणात दोन इंच जातात, म्हणून आठ फुटी पत्र्यात ओटा सात फूट दहा इंचांचा बसतो. सिंक घ्यायचं तर वरून बसवायचं, काठवालं घ्या आणि त्याचं भोकही दुकानातच कापून घ्या. लोखंड कापलेली चकती स्टीलवर चालवू देऊ नका, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि महिनाभरात तांबडे ठिपके उठतात. शेवटचं, पत्र्याच्या खालच्या बाजूला एक छोटा स्टीलचा बोल्ट वेल्ड करून मागा. तो कशाला, ते पुढं सांगतो.

पत्रा नुसता स्टँडवर टाकला तर ढोलासारखा वाजतो. भाकरी थापायला लागलात तर गल्ली गोळा होईल. खाली अठरा मिलिमीटरचं प्लायवूड हवं, पाण्यात टिकणारं, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो ते. पुढच्या कडेला खालून प्लायचीच आणखी एक पट्टी जोडा, म्हणजे दीड इंचाची पट्टी आतून भरून येते. बोल्टच्या जागी प्लायला भोक ठेवा. कापलेल्या सगळ्या कडांना, सिंकच्या भोकाला तर नक्कीच, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, कारण पाणी आत शिरतं ते कडेनंच.

चिकटवायचं उलटं. पलंगावर गादी, गादीवर पत्रा पालथा. भिंतीकडची चार इंची पट्टी पलंगाच्या कडेबाहेर खाली लोंबली पाहिजे. हातात चामडी मोजे घाला, पत्र्याचा काठ विळीसारखा लागतो. मागची बाजू पॉलिश पेपरनं खरवडा, थिनरनं पुसा. सनमायका चिकटवायचा रबरी डिंक पत्र्याला आणि प्लायला, दोन्हींना लावा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासा झाला की तयार. हा डिंक एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून मध्ये बांबूच्या कामट्या आडव्या ठेवा, त्यांवर प्लाय ठेवून जागा नीट जुळवा, मग एका टोकापासून एकेक कामटी काढत दाबत जा. वर धान्याची पोती ठेवून रात्रभर राहू द्या.

या डिंकाची आणि थिनरची वाफ पेट घेते. दारं-खिडक्या उघड्या, गॅस सिलिंडरलाच बंद, चूल विझवलेली, उदबत्ती नाही. देवापुढचा दिवासुद्धा त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी चौघी-पाचजणींनी उचलून स्टँडवर ठेवायचं आणि खालून स्क्रू लावायचे. स्क्रू मोजून घ्या, टोक पत्र्याला टेकलं तर वर फोड येतो आणि तो जात नाही. भिंतीच्या सांध्यात न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण त्यातलं आम्ल धातूला बरं नाही. पत्र्यावरचं प्लास्टिक सगळ्यात शेवटी काढा.

घरचा जुना कडप्प्याचा ओटा मजबूत असेल तर स्टँडचा खर्च वाचतो. त्यावरच बारा मिलिमीटरच्या प्लायसकट पत्रा बसवता येतो. उंची अर्ध्या इंचानं वाढते, तेवढी धरा.

निगा फार नाही. लोखंडी तारेची घासणी वापरू नका, तिचे तुकडे गंजतात आणि दोष स्टीलला लागतो. रेषा आहेत त्या दिशेनं पुसा. मिठाचं पाणी, ब्लीचिंग पावडरचं पाणी ओट्यावर सुकू देऊ नका, त्यानं ३०४ लाही बारीक खड्डे पडतात. चुलीवरून उतरवलेलं पातेलं अडणीवर ठेवा. पत्रा जळत नाही, पण खालचा डिंक सुटतो आणि फुगा येतो.

आता तो बोल्ट. मैत्रिणींनो, इथं जरा कान देऊन ऐका. कडप्प्याच्या ओट्यावर मिक्सरची वायर सोलली गेली तर शॉक बहुतेक मिक्सरला हात लावणारीला बसतो. स्टीलचा ओटा म्हणजे आठ फुटांची तार. मिक्सर एका टोकाला आणि ओल्या हातांनी पीठ मळणारी दुसऱ्या टोकाला असली, तरी तिच्यापर्यंत करंट पोचतो. म्हणून ओट्याला अर्थिंग हवंच. प्लाय आणि डिंक यांतून वीज जात नाही, त्यामुळे नुसत्या स्टँडला वायर जोडून भागत नाही. पत्र्याला वेल्ड केलेल्या त्या बोल्टला हिरवी वायर जोडायची आणि तिथून स्टँडला आणि बोर्डातल्या अर्थिंगला. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण उभं राहून बघा. काही जण न्यूट्रललाच वायर जोडून "झालं अर्थिंग" म्हणतात. न्यूट्रल कुठं तुटली तर त्या जोडणीनं अख्खा ओटाच करंटमध्ये येतो. तसं करू देऊ नका. पायात रबरी चप्पल आहे म्हणून चालेल, हेही ऐकून घेऊ नका. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की नीट काम करत नाही, चैत्र-वैशाखात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

आणि बोर्डात आरसीसीबी बसवा, ३० मिलिअँपिअरची. साधी एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. आरसीसीबी गेलेली वीज आणि परत आलेली वीज मोजत राहते, मध्येच कुठं थोडी जरी गळाली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद पडते. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं. दाबलं की ती पडली पाहिजे. आमच्याकडे महिन्याच्या बैठकीला हप्ते गोळा करायच्या आधी एकजण जाऊन ते बटण दाबते आणि वहीत तारीख टाकते. ज्या दिवशी पडणार नाही, त्या दिवशी मिक्सर आणि कणीक मळायचं यंत्र बंद, वायरमन येईपर्यंत मसाला खलबत्त्यात.